व्यापार करारांच्या लाभाचे मापन

व्यापार करारांच्या लाभाचे मापन म्हणजे व्यापार करारामुळे उत्पादक, ग्राहक व सरकारी महसूल यांवर प्रत्यक्षात कोणता परिणाम झाला, हे ठरविण्याची पद्धती होय. करारानंतर एकूण व्यापार वाढणे हा लाभाचा पुरेसा पुरावा मानला जात नाही. कारण ती वाढ करार नसतानाही झाली असती, अशी शक्यता उरते.

पद्धती

करार नसता तर किती व्यापार झाला असता, याचा अंदाज गुरुत्व प्रतिमानाने बांधतात. यान टिंबर्गेन यांनी ते १९६२ मध्ये वापरले. जेकब वायनर यांनी १९५० मध्ये व्यापारनिर्मिती व व्यापारवळण असा भेद केला. महाग देशी उत्पादनाची जागा स्वस्त आयातीने घेतल्यास व्यापारनिर्मिती होते. केवळ शुल्कसवलतीमुळे स्वस्त पुरवठादाराऐवजी महाग भागीदाराकडून खरेदी झाल्यास व्यापारवळण होते व त्यातून तोटा संभवतो.

सवलतीस पात्र व्यापारापैकी किती व्यापाराने सवलत प्रत्यक्ष घेतली, हे वापर-दरावरून कळते. नीती आयोगाच्या एका टिपणात भारतीय निर्यातदारांचा हा दर ५ ते २५ टक्के असल्याचे नमूद आहे. उत्पत्ती प्रमाणपत्राचा खर्च व नियमांची क्लिष्टता ही दर कमी राहण्याची प्रमुख कारणे समजली जातात.

बीड जिल्हा व कापूस

बीड हा मराठवाड्यातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा आहे. फेब्रुवारी २०२१ पासून भारतात कापूस आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क होते. २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झालेल्या भारत–ऑस्ट्रेलिया करारान्वये प्रतिवर्षी ५१,००० टन, म्हणजे १७० किलोच्या ३ लाख गाठी, लांब धाग्याचा कापूस शुल्कमुक्त झाला. यात सूतगिरणीस कच्चा माल स्वस्त मिळू शकतो. शेतकऱ्याच्या भावावर मात्र दबाव येऊ शकतो. निव्वळ लाभ काढताना या दोन्ही बाजू व बुडालेला महसूल एकत्र मोजावा लागतो.

मर्यादा

१९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात सर्वच देशांच्या कापसावरील शुल्क माफ होते. त्यामुळे त्या काळातील भावांतील बदलाचे श्रेय किंवा दोष एका कराराला देता येत नाही.

निर्यातीच्या शिपिंग बिलावर मूळ जिल्हा नोंदविणे १५ फेब्रुवारी २०२० पासून बंधनकारक आहे. तथापि गेवराई किंवा माजलगावच्या कापसाचे सूत अन्य जिल्ह्यात निघाल्यास निर्यात त्या जिल्ह्याच्या नावे दिसू शकते. आयातीमुळे शेतकऱ्याला कमी मिळालेला भाव सीमाशुल्काच्या नोंदीत येत नाही. त्यासाठी बाजार समित्यांतील भाव व हमीभावाची खरेदी यांचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक ठरतो.