पेटीवरील चिठ्ठी

भिंगारच्या बाजारांत आंब्यांची पेटी आहे, असें समजूं. आंबा हें फळच; मग तिला फळांची पेटी म्हणण्यास काय हरकत? काढून घेणारास कांहींच नाहीं. परंतु त्या नांवावर विसंबून कोणीं तींत पेरू टाकला, तर पुढें आंबा म्हणून हात घालणारा फसतो.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्येंही प्रत्येक सांठ्यावर प्रकाराची अशी चिठ्ठी असते. नॉर्वेच्या डाल व न्यूगार्ड यांनीं १९६७ सालीं सिम्युला भाषेंत वर्ग-उपवर्गांची व्यवस्था आणिली, आणि हा प्रश्न तिच्यामागोमाग आला. १९८९ सालीं विल्यम कुक यांनीं आयफेल भाषेंतील याच जातीच्या फटी दाखविल्या. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावानें आंब्यांची रांग ही फळांचीच रांग मानिली; क्रम लावण्याची एकच कृति सर्व रांगांस चालावी, हा त्यांतील हेतु. त्यामुळें चुकीचा पेरू प्रोग्रॅम चालूं असतांनाच काय तो पकडला जातो. २००४ सालीं जेनेरिक्स आलीं, तेव्हां नव्या पेट्यांपुरती ही मोकळीक आधींच बंद झाली. केवळ काढून घेण्यापुरती मुभा राहिली. तरीही २०१६ सालीं नादा अमीन व रॉस टेट यांनीं त्या नियमांतूनही वाट निघते, हें सिद्ध केलें.

आंबा फळांत मोडतो खरा. परंतु आंब्यांची पेटी फळांच्या पेटींत मोडतेच असें नाहीं. एवढा विवेक भाषेच्या नियमांत उतरविण्यास विद्वानांनाही अर्धें शतक पुरलें नाहीं.