हाडवैद्याची पदवी

माझ्या लहानपणी आजीचा निखळलेला खांदा गावच्या हाडवैद्याने बसवला होता. त्याच्याकडे कसलीही पदवी नव्हती. पुढे पाठदुखीने हैराण झालेल्या माझ्या भाचीने अमेरिकेहून विचारले, "मामा, इथल्या डॉक्टरांच्या नावापुढे एम.डी. नाही, डी.ओ. आहे. हे खरे डॉक्टर ना?" तिला उत्तर देण्यासाठी मी वाचायला बसलो आणि मला पुन्हा एक हाडवैद्यच भेटला.

त्याचे नाव अँड्र्यू टेलर स्टिल. जन्म १८२८, व्हर्जिनिया. वडील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. त्यांच्याच हाताखाली तो वैद्यकी शिकला आणि यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला. १८६४ साली मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणाच्या दाहाने त्याची तीन मुले दगावली. ठाऊक असलेले सारे उपचार झाले होते. त्या काळचे उपचार म्हणजे पाऱ्याचे क्षार, अफू, दारू आणि रक्त काढणे. स्वतः वैद्य असलेल्या बापाला आपल्याच शास्त्राचा विश्वास उरला नाही.

पुढची दहा वर्षे तो शरीररचनेचा अभ्यास करत राहिला. आत्मचरित्रात त्याने लहानपणची एक आठवण सांगितली आहे. डोके दुखत असताना दोन झाडांमध्ये खाली बांधलेल्या दोरीवर मान टेकवून तो झोपला आणि उठला तेव्हा दुखणे गेले होते. हाडे, स्नायू, नसा यांची ठेवण बिघडली की रक्ताचा प्रवाह अडतो व रोग होतो. ठेवण सुधारली की शरीर स्वतःच बरे होते, असा सिद्धान्त त्याने १८७४ मध्ये मांडला. ग्रीक भाषेत 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड आणि 'पॅथॉस' म्हणजे व्यथा. त्यावरून 'ऑस्टिओपॅथी' हे नाव आले. कॅन्ससमध्ये त्याला कोणी उभे केले नाही. तेव्हा तो मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी आला आणि 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' अशी स्वतःची जाहिरात करत गावोगाव फिरला. १८९२ मध्ये त्याने तिथे महाविद्यालय काढले. पहिल्याच वर्गात स्त्रियाही होत्या. एम.डी. देण्याची मुभा असूनही त्याने मुद्दाम डी.ओ. ही वेगळी पदवी दिली. १९१७ मध्ये तो वारला.

स्टिलचा मूळ दावा फार मोठा होता. बहुतेक सर्व रोगांचे मूळ हाडांच्या ठेवणीत असते, हे शास्त्राला मान्य झाले नाही. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने या महाविद्यालयांवर कठोर टीका केली. संस्थापकाला औषधांचा तिटकारा होता, तरी त्याच्या वारसांनी हळूहळू औषधशास्त्र स्वीकारले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी घेतली. पंथ आता संपला असे वाटत होते, पण १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डी.ओ. परवान्यांची वाट पुन्हा मोकळी केली. आज अमेरिकेतले डी.ओ. औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनमध्ये मात्र ऑस्टिओपॅथ हा वैद्य नसून हातांनी उपचार करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. १९९३ च्या कायद्याने त्याची नोंदणी होते. नाव एक असले तरी व्यवसाय दोन आहेत, हे ध्यानात ठेवावे.

हे हातांचे उपचार म्हणजे काय? आधी दुखण्याची सविस्तर चौकशी, मग उभे राहण्याची व वाकण्याची तपासणी, मग स्पर्शाने आखडलेल्या जागा शोधणे. त्यानंतर स्नायू हलके दाबणे, ताणणे, सांधे हलवणे. कधी सांध्याला झटकन दिलेला हिसका. फायदा कितपत होतो? १९९९ मध्ये अमेरिकेत पाठदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, बारा आठवड्यांनी, हे उपचार व नेहमीचे उपचार यांचा गुण सारखाच दिसला. मात्र हातांच्या उपचारांच्या गटाला औषधे कमी लागली. २०२१ च्या फ्रेंच चाचणीत चारशे रुग्णांपैकी काहींना खोटे, नुसते हात लावण्याचे उपचार दिले. खऱ्या उपचारांचा फायदा त्याहून थोडाच जास्त निघाला. म्हणजे पाठदुखीत थोडा आराम मिळू शकतो. दमा किंवा जंतुसंसर्ग यासाठी त्यावर विसंबू नये. मानेला दिलेल्या हिसक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होते, हेही खरे.

भाचीला मी लिहिले: "तुझे डॉक्टर खरे डॉक्टर आहेत. हातांनी उपचार करून घ्यायला हरकत नाही. पण पायात बळ कमी वाटले, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला किंवा पडल्यावर दुखू लागले, तर पाठ चोळून घेण्यात वेळ घालवू नकोस. तातडीने तपासणी करून घे."

तिने विचारले, "मग आजीच्या हाडवैद्याचे काय?" त्याने खांदा बसवला, हे मी स्वतः पाहिले होते. पण त्याच्या हातून किती जणांचे हात वाकडे राहिले, याची नोंद गावात कोणीच ठेवली नव्हती. स्टिलच्या वारसांची नोंद ठेवली गेली, म्हणूनच त्यांच्याबद्दल मला एवढे तरी सांगता आले.