होडीच्या पोटातला सेल्फ

होडीचे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरला मेकॅनिक ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टार्टर’ या शब्दाचा हा उरलेला अर्धा भाग. हँडल मारून मारून दंड भरून येत, त्या काळात इंजिन आपण होऊन सुरू व्हावे ही नवलाई होती, आणि ती या नावात टिकून आहे. होडीत हा सेल्फ बहुधा सर्वांत अवघड कोपऱ्यात असतो. तो बिघडला की दुरुस्तीच्या आधी त्याच्यापर्यंत हात पोचवण्याचाच प्रश्न पडतो. त्याला ही जागा का मिळाली, याचे उत्तर इंजिन सुरू करण्याच्या जुन्या रीतींत सापडते.

१८८६ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतील नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची होडी चालवली. पुढची कित्येक वर्षे होडीतले इंजिन माणसाच्या बळावरच सुरू होत असे. उत्तर युरोपच्या मासेमारी होड्यांत पसरले ते ‘हॉट बल्ब’ जातीचे इंजिन. त्याचा पाया इंग्लंडच्या हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० च्या सुमारास घातला. सिलिंडरच्या माथ्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पच्या ज्वाळेवर दहा-पंधरा मिनिटे तापवायचा, मग जड फ्लायव्हील मागेपुढे झुलवून झटका द्यायचा, की आत फवारलेले तेल पेट घेई. झटका चुकला तर इंजिन उलटेही फिरू लागे. स्वीडनच्या बोलिंडर कारखान्याची अशी इंजिने इंग्लंडच्या कालव्यांतील अरुंद मालवाहू नावांतही बसली. नाव अरुंद असली, तरी फ्लायव्हीलसमोर माणसाला उभे राहायला जागा ठेवावीच लागे.

डिझेल इंजिनाने ही मेहनत वाढवली. रुडोल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पटींनी दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. सावकाश फिरवले तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जिरते, दाबही निसटतो. म्हणून सुरुवातीलाच वेग द्यावा लागतो. लहान इंजिनांवर यासाठी एक दांडी असे. ती झडप उघडी धरी, दाब तयार होत नसे आणि हँडल हलके फिरे. फ्लायव्हीलने वेग घेतला की दांडी पाडायची आणि त्या साठलेल्या वेगाने पहिला दाब पार करायचा. हे काम दोघांनी केले तर सोपे जाई. मोठ्या जहाजांनी माणसाचा नाद सोडून दाबलेल्या हवेच्या टाक्या वापरल्या आणि आजही त्यांची मुख्य इंजिने हवेनेच सुरू होतात.

हँडल धोक्याचेही होते. पेट्रोल इंजिनाने मागे लाथ मारली की मनगट मोडे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट हाडमोडीला वैद्यकात ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते त्यावरूनच. ही इजा टाळणारा उपाय प्रथम मोटारीत आला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. मोटर काही सेकंदच चालते, म्हणून तिच्यावर तिच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो, हे त्यामागचे मर्म. त्याच दशकात व्हिन्सेंट बेंडिक्स यांची आपोआप पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दातांत अडकणारी आणि इंजिन सुरू होताच सुटणारी पिनियन प्रचारात आली. आजच्या सेल्फमध्ये हे काम सोलेनॉइड करते. ते पिनियन पुढे ढकलते आणि त्याच हालचालीत मुख्य प्रवाह जोडते. तरीही अनेक गॅरेजांत पिनियनच्या भागाला ‘बेंडिक्स’च म्हणतात.

होडीत सेल्फ उशिरा रुळला. त्याला बॅटरी लागते, बॅटरीला डायनामो लागतो, आणि खाऱ्या दमट हवेत तांब्याची प्रत्येक जोडणी हिरवी पडू लागते. पण तो रुळल्यावर होडीच्या रचनेत एक बदल झाला, ज्याची नोंद फारशी घेतली जात नाही. हँडल मारणाऱ्या माणसाच्या कोपराला फिरायला जागा हवी असे. सेल्फ आल्यावर ती जागा रिकामी दिसू लागली. मग तिथे माशांचा खण वाढला, पाण्याची टाकी आली, विहाराच्या होड्यांत बिछाने आले, आणि इंजिन जिन्याखाली किंवा फळ्यांखाली कोंडले गेले. ज्या यंत्राने ती जागा मोकळी केली, तेच बदलताना मेकॅनिकाला ती हवी असते.

कोकण किनाऱ्याला हा इतिहास वेगळ्या वाटेने भिडला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मासेमारी होड्यांना इंजिने बसवण्याचे सरकारी प्रयत्न सुरू झाले. १९५२ च्या करारानंतर केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. तिथल्या ओंडका कोरून केलेल्या होड्यांत इंजिन मावण्यासारखे नव्हते, त्यामुळे नवे आराखडे करावे लागले. सातपाटी आणि वर्सोव्याच्या कोळ्यांच्या शिडाच्या होड्या मात्र रुंद, खोल पोटाच्या होत्या. त्यांच्या मागल्या भागात इंजिन बसवून पंख्याचा दांडा बाहेर काढता आला. हा मोठाच फायदा होता. पण त्या होड्या वारा, शीड आणि डोल जाळ्यांचा भार यांसाठी घडवलेल्या होत्या, यंत्राभोवती पाना फिरवण्यासाठी नव्हे. पुढे ट्रकच्या इंजिनांवर बेतलेली मोठी इंजिने आली, तेव्हा हँडलचा प्रश्नच मिटला. सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन हाताने फिरत नाही. सेल्फ गेला तर तांडेल आणि खलाशी दुसऱ्या होडीच्या दोराची वाट पाहत राहतात.

सेल्फ बसतो फ्लायव्हीलच्या बाजूला, इंजिनाच्या कुशीत, बहुधा खालच्या अंगाला. तळात साचलेले खारे पाणी त्याच्या जवळ आणि वरून गळणारे डिझेल त्याच्या डोक्यावर, अशी ही जागा. तो बदलण्याची सुरुवात बॅटरीचे ऋण टोक सोडवण्यापासून होते. जाड तारेत सेल्फसाठी शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि तिथे पाना टेकला तर तो वितळून चिकटतो. तारांना खुणा बांधल्यावर दोन-तीन बोल्ट उरतात. खालचा दिसतो; वरचा इंजिन आणि होडीच्या भिंतीमध्ये लपलेला असतो. तो बोटांनी चाचपून शोधावा लागतो आणि लांब दांड्याला वाकणारा सांधा लावून सोडवावा लागतो. कुशल मिस्त्री हे काम डोळे मिटल्यासारखे करतो, कारण डोळ्यांचा उपयोगच नसतो. शेवटच्या बोल्टाच्या वेळी सेल्फचे सगळे वजन एका हातावर येते, तेही आडव्या अंगाने.

उघड्या पडलेल्या भोकातून फ्लायव्हीलचे दात दिसतात, आणि ही संधी सोडू नये. बंद होताना इंजिन दाबाच्या ठरावीक ठिकाणीच थांबते, म्हणून चार सिलिंडरांच्या इंजिनात दात समोरासमोरच्या दोन जागी जास्त झिजतात. दात झिजलेले असतील, तर नव्या सेल्फची पिनियनही लवकर खराब होते. नव्या पिनियनचे दात जुन्याशी मोजून जुळवणे हेही याच वेळी करायचे.

होडीतल्या सेल्फची आणखी एक खोड मोटारीत आढळत नाही. अनेक होड्यांत थंडाव्याचे समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडले जाते. इंजिन न पेटता नुसता सेल्फ मारत राहिले, तर पंप पाणी ओढत राहतो. ते ढकलायला धूर नसतो आणि पाणी उलटे सिलिंडरात शिरू शकते. म्हणून बराच वेळ सेल्फ मारायचा असेल, तर पाण्याचा कॉक आधी बंद करावा लागतो. पेट्रोलच्या होड्यांत धोका वेगळा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि सेल्फच्या मोटरमधल्या ब्रशची एक ठिणगी पुरते. अमेरिकेत १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्याखालील नियमांनी अशा जागी ठिणगी बाहेर न पडू देणारी विद्युत साधने सक्तीची केली. मोटारीचा स्वस्त सेल्फ अगदी तसाच दिसतो, बसतोही, पण पेट्रोलच्या होडीत तो बसवणे जिवावर बेतू शकते.

अडचणीच्या जागेचे दुखणे थोडे हलके केले ते गिअर असलेल्या सेल्फने. १९६२ मध्ये क्रायस्लरने तो मोटारींत आणला. लहान मोटर वेगाने फिरवायची आणि गिअरने जोर वाढवायचा, ही त्याची युक्ती. पुढे कायम चुंबकाच्या मोटरी आल्या आणि वजन आणखी घटले. होड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही सेल्फांची बसवायची पट्टी हव्या त्या कोनात फिरवता येते, म्हणजे सोलेनॉइड भिंतीला अडत नाही आणि जोडणीची टोके हाताच्या बाजूला आणता येतात. जुने हँडलही पूर्ण गेलेले नाही. जहाजांवरच्या जीवरक्षक नौकांना आंतरराष्ट्रीय नियमाने इंजिन सुरू करण्यासाठी हाताची सोय किंवा शक्तीचे दोन स्वतंत्र स्रोत लागतात, आणि इंजिन उणे १५ अंश सेल्सिअसला दोन मिनिटांत सुरू व्हावे लागते.