कार्यालय आणि प्रवासासाठी एकच सॅक निवडताना

एकेकाळी कार्यालयात जाणाऱ्याच्या हाती ब्रीफकेस, प्राध्यापक आणि कार्यकर्त्यांच्या खांद्याला शबनम आणि गावाला निघालेल्याच्या हाती सूटकेस अशी सरळ विभागणी होती. लॅपटॉप आला आणि ही विभागणी पुसट झाली. मुंबईची लोकल, पुण्यातील दुचाकी आणि विमानतळावरील रांग या तिन्ही ठिकाणी आता एकच वस्तू प्रामुख्याने दिसते. ती म्हणजे पाठीवरची सॅक. सोमवारी कार्यालयात जाणारी सॅक शुक्रवारी रात्री एसटीत किंवा रेल्वेत आणि रविवारी एखाद्या गडावरही जाते.

एकाच सॅकने ही सर्व कामे करावीत, ही अपेक्षा गैर नाही. मात्र दुकानात निवड होते ती बहुधा रंग, खिशांची संख्या आणि लिटरचा आकडा पाहून. ही निवड चुकल्यास पैसे वाया जातातच. शिवाय रोज पाच-सहा किलोचे ओझे चुकीच्या पद्धतीने वाहिल्याची किंमत मान, खांदे आणि कंबर यांना मोजावी लागते. त्यामुळे खरेदीपूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. सॅकचे आकारमान रोजच्या वापरावरून ठरवावे, वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या सहलीवरून नव्हे. आणि तिचा बांधा आपल्या पाठीच्या मापाप्रमाणे असावा.

किती लिटरची सॅक?

सॅकवरील लिटरचा आकडा तिच्या आतील पोकळीचे घनफळ सांगतो. हे घनफळ मोजण्याची एक प्रमाणित पद्धत अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेने ठरविली आहे. तीत २० मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोळे सॅकमध्ये भरून मोजणी केली जाते. सर्वच उत्पादक ही पद्धत वापरत नाहीत. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘२५ लिटर’ सॅकमध्ये प्रत्यक्षात फरक आढळू शकतो.

लॅपटॉप, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि चार्जर एवढेच सामान असेल तर १५ ते २० लिटर पुरेसे होतात. त्याच सॅकमध्ये एक-दोन दिवसांचे कपडे बसवायचे असल्यास २२ ते २८ लिटरची सॅक निवडावी. दुहेरी वापरासाठी हाच टप्पा बहुतेकांना सोयीचा ठरतो. ३० ते ४० लिटरची सॅक आठवडाभराच्या प्रवासाला चालते. पण गर्दीच्या डब्यात ती इतरांना अडचणीची होते. शिवाय जागा रिकामी असली की ती भरण्याचा मोह होतो आणि विनाकारण ओझे वाढते.

बाजूंना आवळपट्टे असलेली सॅक या दृष्टीने उपयुक्त असते. सामान कमी असताना पट्टे ओढून तिची जाडी कमी करता येते, आणि आतील वस्तू तळाशी न घसरता पाठीलगत राहतात.

उंची नव्हे, पाठीची लांबी

सहा फूट उंचीच्या दोन व्यक्तींच्या पाठीची लांबी सारखी असेलच असे नाही. एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचे धड. म्हणून उंचीवरून सॅक निवडणे फसवे ठरते. पाठीचे माप घरच्या घरी घेता येते. मान पुढे झुकविली की मानेच्या तळाशी एक उंचवटा हाताला लागतो. तो मानेचा सातवा मणका. त्यानंतर दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे पाठीमागे वळवावेत. अंगठ्यांच्या रेषेपासून त्या उंचवट्यापर्यंतचे अंतर दुसऱ्या व्यक्तीकडून शिंप्याच्या टेपने मोजून घ्यावे. हीच पाठीची लांबी होय.

सॅक पाठीवर चढविल्यावर तिचा तळ कमरेच्या खाली लोंबकळू नये आणि खांद्याचे पट्टे खांद्यावर पोकळी न ठेवता टेकावेत. स्त्रियांची पाठ सरासरीने आखूड आणि खांदे अरुंद असल्याने काही कंपन्या त्यांच्यासाठी वेगळ्या बांध्याच्या सॅक बनवितात. त्यात पट्टे किंचित वळणदार आणि एकमेकांच्या जवळ असतात. लहान चणीच्या पुरुषांनाही अशी सॅक नीट बसू शकते.

भार कोठे पडतो?

भार खांद्यांवरून कमरेवर नेण्याची कल्पना गिर्यारोहकांच्या सॅकमधून रूढ झाली. कॅलिफोर्नियातील डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक विकण्यास सुरुवात केली. कमरेच्या पट्ट्याने भार नितंबाच्या हाडांवर घेण्याची त्यांची रचना पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. स्वीडनमध्ये शाळकरी मुलांच्या पाठदुखीची चर्चा सुरू असताना फ्येलरेव्हन या कंपनीने १९७८ मध्ये ‘कोंकेन’ ही चौकोनी सॅक आणली. भार एका खांद्यावर न राहता दोन्ही खांद्यांवर समान पडावा, हा त्यामागील हेतू होता.

भारतात केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड असू नये. प्रौढांसाठी असा नियम नाही. तरीही रोजच्या वापरासाठी हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवण्यास हरकत नाही. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सहा किलो होते. दीड-दोन किलोचा लॅपटॉप, चार्जर, लिटरभर पाणी आणि डबा यांतच चार-साडेचार किलो होतात, हे लक्षात घेतले म्हणजे रिकाम्या सॅकचे वजन का पाहावे हे समजते.

रोजच्या पाच-सहा किलोसाठी रुंद, मऊ परंतु दबून न जाणारे खांदापट्टे आणि छातीवरचा लहान पट्टा पुरेसा असतो. प्रवासात ओझे आठ किलोंच्या पुढे जाणार असेल तर कमरेचा पट्टाही हवा. तो गरज नसताना काढून ठेवता येणारा किंवा आत दडविता येणारा असल्यास कार्यालयात अडचण होत नाही. मात्र केवळ अरुंद फितीचा कमरपट्टा भार पेलत नाही. तो सॅक हलू न देण्यापुरताच उपयोगी असतो.

सामान भरण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यभागी ठेवाव्यात, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. सॅक एकाच खांद्यावर अडकविण्याची सवय टाळावी.

लॅपटॉपचा कप्पा

‘१५.६ इंची लॅपटॉपसाठी’ या शब्दांवर विसंबून राहू नये. इंचातील माप पडद्याच्या कर्णाचे असते. लॅपटॉपची लांबी-रुंदी त्यावरून कळत नाही. आपल्या लॅपटॉपची तिन्ही मापे घ्यावीत किंवा तो दुकानात सोबत न्यावा. कप्पा पाठीलगत असावा. त्यामुळे जड वस्तू शरीराजवळ राहते आणि गर्दीत कोणाचा हात सहज तेथे पोहोचत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावा. नुसते अस्तर लावलेल्या कप्प्यात सॅक जमिनीवर टेकविताच धक्का थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो. कप्प्यात हात घालून बोटांनी तळ दाबून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो.

पाठीला हवा लागावी म्हणून ताणलेल्या जाळीची, आतून वक्र रचना असलेल्या सॅकही मिळतात. त्या भटकंतीत सुखद वाटतात. परंतु वक्र पाठीमुळे लॅपटॉपची जागा कमी होते आणि भार शरीरापासून दूर जातो. दुहेरी वापरासाठी सपाट, खाचा असलेल्या फोमची पाठ अधिक योग्य ठरते.

कापड, शिवण आणि चेन

कापडाची जाडी ‘डेनिअर’मध्ये सांगितली जाते. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड आणि सॅक जड. समान डेनिअरचे नायलॉन घासणीला पॉलिस्टरपेक्षा अधिक टिकते, तर पॉलिस्टर उन्हाला अधिक दाद देत नाही. रोजच्या वापरासाठी ४०० ते ६०० डेनिअरचे कापड सामान्यतः पुरेसे असते.

सॅक फाटते ती कापडापेक्षा शिवणीत. खांदापट्टे जेथे जोडलेले असतात तेथे एकावर एक घट्ट टाके घातलेले आहेत का, आतील कडा पट्टीने बंद केल्या आहेत का, हे पाहावे. मुख्य कप्प्याची चेन जाड असावी. ती वळणावर अडकते का, हे सॅक भरलेली असताना तपासावे. रनर पुढे गेल्यावर मागून चेन उघडू लागली, तर बहुधा दात नव्हे, रनर झिजलेला असतो. बॅगदुरुस्ती करणाऱ्याकडून तो बदलून घेता येतो. त्यासाठी सॅक टाकून देण्याची गरज नसते.

कपड्यांसाठी सूटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक सोयीची. वरून उघडणारी सॅक भटकंतीला चांगली, पण लॉजमध्ये तळातील शर्ट काढण्यासाठी ती सगळी उपसावी लागते. मुख्य चेनला दोन रनर आणि त्यांना कुलपासाठी छिद्रे असल्यास रात्रीच्या रेल्वेप्रवासात निर्धास्तपणा लाभतो.

पावसाळ्याची परीक्षा

महाराष्ट्रात सॅकची खरी कसोटी जून ते सप्टेंबर या काळात लागते. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे जलरोधक नव्हे. कापडातून पाणी आले नाही तरी ते चेनमधून आणि शिवणीच्या छिद्रांतून आत शिरते. रेनकव्हर उपयोगी असते. मात्र ते पाठीची बाजू झाकत नाही आणि मानेवरून ओघळलेले पाणी तेथून आत जाते. त्यामुळे लॅपटॉप व कपडे आत वेगळ्या जाड प्लास्टिक पिशवीत ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

कापडाच्या आतील बाजूस दिलेला पॉलियुरेथेनचा थर उष्ण-दमट हवेत कालांतराने चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ओली सॅक कपाटात ठेवल्यास हे लवकर घडते, बुरशीही धरते. सॅक रिकामी करून, चेन उघड्या ठेवून सावलीत वाळवावी. वॉशिंग मशीनमध्ये ती धुऊ नये.

लोकल, दुचाकी आणि गड

लोकलच्या गर्दीत सॅक पोटाशी घ्यावी लागते. म्हणून उथळ आणि उंच सॅक ही फुगीर सॅकपेक्षा बरी. पाकीट व मोबाइलचा खिसा पाठीच्या बाजूला असावा. दुचाकीवर भरलेली सॅक सीटवर टेकून वर ढकलली जाते किंवा तिचे टोक हेल्मेटला लागते. म्हणून दुचाकीवर बसूनच ती तपासावी. पट्ट्यांची लोंबती टोके चाकात अडकण्याचा धोका असल्याने ती गुंडाळून ठेवावीत.

एका दिवसाच्या गडभ्रमंतीला हीच सॅक चालते. कळसूबाईसारख्या ठिकाणी लोखंडी शिड्या चढताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि रुंद सॅक अडथळा ठरते. तंबू, झोपण्याची पिशवी आणि शिधा घेऊन मुक्कामी ट्रेकला जायचे असल्यास मात्र वेगळी, मोठी सॅक भाड्याने किंवा मागून घ्यावी. रोजच्या सॅककडून ती अपेक्षा ठेवू नये.

विमानातील हिशेब

देशांतर्गत विमानसेवांमध्ये इकॉनॉमी वर्गासाठी हातसामानाची मर्यादा सहसा सात किलो आणि तिन्ही बाजूंची बेरीज ११५ सेंटिमीटर अशी असते. कंपनीनुसार तपशील बदलत असल्याने तिकिटावरील नियम पाहावेत. अडचण आकारापेक्षा वजनाची असते. रिकामी सॅक १.६ किलोची आणि लॅपटॉप-चार्जर दोन किलोचे असतील, तर कपड्यांसाठी ३.४ किलोच उरतात. तीच सॅक ९०० ग्रॅमची असल्यास ४.१ किलो मिळतात.

पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाही. ती हातसामानातच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सामान्यतः चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते.

खरेदी करताना

* रिकामी सॅक पाठीला लावून निर्णय घेऊ नये. पाच-सहा किलो सामान भरून दहा मिनिटे दुकानात फिरावे.
* पट्टे ओढल्यावर बक्कल घसरते का, ते पाहावे.
* सॅक भरलेली असताना बाजूच्या खिशात बाटली बसते का, हे तपासावे.
* ऑनलाइन खरेदीत सॅकचे वजन, तिन्ही मापे आणि परतीच्या अटी वाचाव्यात. परतीची मुदत संपेपर्यंत लेबल काढू नये.
* वॉरंटीत चेन व बक्कल येतात की केवळ शिवण, हे विचारावे आणि बिल जपून ठेवावे.
* वस्तू सदोष निघाल्यास आणि विक्रेता दाद देत नसल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

सॅक महाग असली म्हणजे ती आपल्या पाठीला बसेलच असे नाही. मापे घेऊन आणि सामान भरून पाहिल्यास मध्यम किमतीची सॅकही अनेक वर्षे कार्यालय आणि प्रवास या दोहोंना पुरते.