खरा गॉडझिला कोणता?

आजच्या भागाचा विषय मला एका भांडणातून मिळाला. २०२४ मध्ये 'गॉडझिला एक्स काँग' थेटरात लागला तेव्हा नववीतल्या चुलत भावाला घेऊन गेलो होतो. पिक्चर सुटला आणि हा पठ्ठ्या हवेत. गुलाबी चमकणारा गॉडझिला, पिरॅमिडपाशी काँगशी झालेली मारामारी, त्याला सगळंच आवडलेलं. आणि मी पार्किंगपर्यंत त्याचं डोकं खाल्लं. हा गॉडझिला नाहीच रे, खरा गॉडझिला १९५४ चा, तो अणुबॉम्बबद्दल होता, हा नुसता कुस्तीचा फड आहे, वगैरे वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दादा, तू १९५४ चा बघून फॅन झालास का?"

उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. का, ते पुढे सांगतो. आधी १९५४ ला जाऊ.

१ मार्च १९५४. अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाज चुकला, स्फोट अपेक्षेपेक्षा खूपच मोठा झाला. तिथून बऱ्याच अंतरावर 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाची जपानी मासेमारी बोट होती, बोटीवर २३ माणसं. त्यांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली. बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

त्याच वर्षी तोहो स्टुडिओचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियातला एक सिनेमा ऐनवेळी रद्द झाला होता. हातात तारीख होती आणि सिनेमा नव्हता. त्यातून समुद्रातून उठणाऱ्या राक्षसाची कल्पना आली. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, दोन्ही मिळून 'गोजिरा'. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैन्यात होते आणि युद्धानंतर घरी परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिलं होतं. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याच्या तारेवर चामड्याचा हातमोजा घासून ती प्रसिद्ध डरकाळी तयार केली. ३ नोव्हेंबर १९५४ ला सिनेमा लागला आणि सुमारे ९६ लाख तिकिटं विकली गेली.

आता गंमत बघा. 'हा खरा गॉडझिला नाही' असं म्हणायची वेळ दोनच वर्षांत आली. १९५६ मध्ये अमेरिकेत जो गॉडझिला दाखवला, त्यात रेमंड बर हा अमेरिकन नट पत्रकार म्हणून मधेमधे घुसवला होता आणि अणुचाचण्यांबद्दलचं बरंच बोलणं कापलं होतं. होंडांचा मूळ सिनेमा अमेरिकेतल्या थेटरांत रीतसर लागला तो थेट २००४ मध्ये! म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं तिथले फॅन ज्याला 'ओरिजनल' म्हणत होते, ते मुळात कापलेलं व्हर्जन होतं.

१९६२ मध्ये किंगकाँगशी टक्कर झाली आणि जपानमध्ये एक कोटीहून जास्त तिकिटं गेली. तिथून गाडी मजेकडे वळली. (ही लाट आपल्या मुंबईपर्यंत आली होती, माहितीये? १९६६ मध्ये 'गोगोला' नावाचा हिंदी सिनेमा आला. समुद्रातून राक्षस येतो आणि मुंबईवर चाल करून जातो. तबस्सुम होत्या त्यात. आज त्याची गाणी सापडतात, सिनेमा मात्र हरवल्यात जमा आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करायचाय.)

पण १९६६ मध्ये जपानी टीव्हीवर 'अल्ट्रामॅन' सुरू झाला. तोही गॉडझिलाचे स्पेशल इफेक्ट्स करणारे एइजी त्सुबुराया यांच्याच कंपनीचा. दर आठवड्याला नवा राक्षस घरबसल्या फुकट दिसत असेल तर तिकीट कोण काढणार? मग पोरांना धरून ठेवायला गॉडझिला पोरांचा झाला. १९६९ च्या सिनेमात इचिरो नावाचा एक एकटा मुलगा आहे. आईबाप दोघंही कामाला, गल्लीतली मुलं त्रास देतात, आणि तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. जुन्या लढायांचे तुकडे परत वापरून हा सिनेमा उरकला होता. कट्टर फॅन त्याला वर्षानुवर्षं शिव्या घालत आले. दिग्दर्शक कोण? तेच इशिरो होंडा. 'खरा गॉडझिला होंडांचा' असं म्हणताना मी हा सिनेमा सोयीस्करपणे विसरायचो.

आणि आता १९७१. आजच्या भागात माझं सगळ्यात जास्त प्रेम आहे ते या माणसावर. योशिमित्सु बान्नो.

त्या काळात जपानची कारखानदारी जोरात होती आणि समुद्र मरत होता. मिनामाता आणि योक्काइची ही नावं प्रदूषणाच्या आजारांमुळे देशभर माहीत झाली होती. तागोनोउरा बंदरात कागद कारखान्यांचा गाळ साचला होता. गाळाला जपानीत 'हेदोरो' म्हणतात. बान्नोंनी त्या गाळाचाच राक्षस केला, हेडोरा. बजेट तुटपुंजं आणि शूटिंगचे दिवस मोजके. पण सिनेमा बघा तुम्ही. सुरुवातीलाच समुद्रावर तरंगणारा कचरा. हेडोरा उडत जातो तिथे हवेत ॲसिड पसरतं आणि रस्त्यावरच्या माणसांचे सांगाडे होतात. मधेच कार्टून आहे, डिस्कोतला नाच आहे, आणि सायकेडेलिक म्हणावं असं बरंच काही. अणुबॉम्बच्या भीतीनंतर त्या पिढीची खरी भीती या सिनेमात आली असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्याच सिनेमात गॉडझिला उडतो. म्हणजे कसा, तर शेपूट वर घेऊन, तोंडातून आग जमिनीकडे सोडत, उलटा, रॉकेटसारखा. शूटिंग चाललं होतं तेव्हा निर्माते तानाका हॉस्पिटलमध्ये होते. बाहेर येऊन त्यांनी हे बघितलं आणि जाम भडकले. बान्नोंनी गॉडझिलाची वाट लावली असं त्यांचं ठाम मत झालं. बान्नोंच्या डोक्यात पुढचा भाग तयार होता, पण त्यांना पुन्हा गॉडझिला दिग्दर्शित करायला मिळाला नाही.

१९७५ च्या सिनेमाची तिकिटं दहा लाखांच्याही खाली गेली. तोहोने मालिका थांबवली.

नऊ वर्षं गॉडझिला नव्हता. पण सत्तरच्या दशकातली ती पोरं मोठी होत होती. फॅन मासिकं निघाली, जुने सिनेमे परत दाखवले जाऊ लागले. १९८३ मध्ये टोकियोत इफुकुबेंच्या राक्षस-संगीताची मैफल झाली, पूर्ण ऑर्केस्ट्रासह. लोक परत मागत होते. प्रश्न एवढाच की परत काय आणायचं? १९५४ चा भीतिदायक, का ७० चा दोस्त गॉडझिला?

तोहोने १९८४ मध्ये काय केलं, ते आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगतो. १९५४ च्या कमिटवर परत गेले आणि तिथून नवी ब्रँच काढली. मधले १४ सिनेमे घडलेच नाहीत! इचिरो नाही, हेडोरा नाही, उडणं तर नाहीच. नवा गॉडझिला अणुवीज केंद्रातून ऊर्जा शोषतो. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघंही टोकियोवर अण्वस्त्र टाकायला तयार असतात, आणि जपानचे पंतप्रधान दोघांनाही नाही म्हणतात. शीतयुद्धात अडकलेल्या देशाचा सिनेमा होता तो.

अमेरिकेत १९८५ मध्ये लागताना त्यात परत रेमंड बर घुसवला. मूळ सिनेमात एक सोव्हिएत अधिकारी क्षेपणास्त्र सुटू नये म्हणून मरता मरता धडपडतो. अमेरिकन आवृत्तीत तोच अधिकारी मुद्दाम बटण दाबतो. एडिटिंगने माणूस शहिदाचा खलनायक झाला. यावर काय बोलणार!

पुढच्या भागासाठी तोहोने थेट लोकांकडूनच कथा मागवल्या. सुमारे पाच हजार आल्या आणि जिंकला कोण, तर एक डेंटिस्ट, शिनिचिरो कोबायाशी. त्या कथेवरून १९८९ चा 'गॉडझिला विरुद्ध बिओलान्टे' झाला. तो फारसा चालला नाही, म्हणून तोहो घाबरून जुन्या ओळखीच्या राक्षसांकडे वळली. पण साठाव्या वर्षाच्या निमित्ताने २०१४ मध्ये जपानी फॅन्सचा कौल घेतला, तेव्हा पहिला आला तो हाच बिओलान्टे.

आणि मग १९९८. इथे माझं उत्तर आहे.

हॉलिवूडचा, रोलंड एमेरिखचा गॉडझिला. न्यूयॉर्कमध्ये पळतो, मासे खातो, अंडी घालतो आणि क्षेपणास्त्रांनी मरतो. मूळ गॉडझिला नेहमीच्या शस्त्रांनी मरत नाही, हाच तर मुद्दा होता! शिवाय इथे अणुचाचण्यांचा दोष फ्रान्सवर ढकललाय. १९५४ ची गोष्ट अमेरिकन बॉम्बमधून जन्मली होती, हे हॉलिवूडने किती हलक्या हाताने पुसलं बघा. फॅन्सनी त्याला 'गिनो' नाव ठेवलं, म्हणजे इंग्रजीत नावापुरता गॉडझिला. १९८४ ते १९९५ गॉडझिलाच्या सूटमध्ये असलेले केनपाचिरो सात्सुमा शिकागोतल्या फॅन संमेलनाच्या वेळी हा सिनेमा बघायला गेले आणि अर्ध्यातून उठून बाहेर आले. पुढे तोहोने त्या प्राण्याचं नाव अधिकृतपणे नुसतं 'झिला' केलं, 'गॉड' काढून टाकला. २००४ च्या सिनेमात खऱ्या गॉडझिलाकडून त्याला सिडनीत काही सेकंदांत संपवलाही. सिनेमाच्या इतिहासात इतका सरळ सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

तर मंडळी, मी शाळेत असताना केबलवर हिंदी डब केलेला हाच झिला बघून फॅन झालो. खोट्यातला खोटा. भावाला पार्किंगमध्ये हे सांगितलं तेव्हा तो जे हसलाय!

त्यानंतर मी शोधत बसलो की बाकीच्यांची सुरुवात कुठून झाली. आणि एकेक नाव सापडत गेलं.

शिंजी हिगुची घ्या. १९८४ चा सिनेमा बनत होता तेव्हा हा पोरगा तिथे राक्षसाच्या सूटच्या विभागात हरकाम्या म्हणून लागला. २०१६ मध्ये त्याने आणि हिदेआकी आन्नोने मिळून 'शिन गॉडझिला' केला. आन्नोही टीव्हीवरच्या राक्षसांवर वाढलेला, विद्यार्थिदशेत त्याने हौशी 'अल्ट्रामॅन' बनवला होता. शिन गॉडझिलाने तर १९५४ सुद्धा पुसलं. २०११ ची त्सुनामी आणि फुकुशिमा अनुभवलेला देश, आणि त्याच्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला राक्षस. अर्धा सिनेमा सरकारी मीटिंगांचा आहे. बाहेर शहर पडतंय आणि आत कोणत्या खात्याची जबाबदारी यावर चर्चा. फॅन्समध्ये यावरूनही जुंपली. काहींना तो १९५४ नंतरचा सर्वोत्तम वाटतो, काहींना मीटिंगा बघताना झोप येते.

ताकाशी यामाझाकी यांनी २००७ मध्येच आपल्या एका कौटुंबिक सिनेमाच्या सुरुवातीला, काल्पनिक दृश्यात, गॉडझिला आणून हौस भागवली होती. २०२३ मध्ये त्यांनी 'मायनस वन' केला. तोही सगळं पुसून थेट १९४५ पासून सुरू होतो, आत्मघातकी हल्ल्यातून माघार घेतलेल्या वैमानिकापासून. इफेक्ट्सची टीम होती ३५ जणांची, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

आणि बान्नो? त्यांनी हार मानलीच नाही. २००० नंतर ते तोहोची परवानगी घेऊन आयमॅक्ससाठी थ्रीडी गॉडझिला बनवायच्या मागे होते. पैसे जमेनात. पण त्या खटपटीतूनच लेजेंडरी ही अमेरिकन कंपनी यात आली आणि २०१४ चा हॉलिवूड गॉडझिला उभा राहिला. नामावलीत कार्यकारी निर्माते म्हणून योशिमित्सु बान्नो हे नाव आहे. ज्याने गॉडझिला उडवला म्हणून त्याला बाहेर ठेवलं, त्याच माणसाच्या हट्टातून आजची अमेरिकन मालिका सुरू झाली, ज्यातला गुलाबी गॉडझिला बघून माझा भाऊ हवेत होता. बान्नो २०१७ मध्ये गेले.

मला अजूनही 'गॉडझिला एक्स काँग' फारसा आवडत नाही, हे सांगून टाकतो. १९५४ चा तर बघाच, सबटायटल लावून, मोबाईलवर नको, जरा मोठ्या पडद्यावर. पण भावाला घरी बोलावलं तेव्हा मी त्याला आधी हेडोरा लावून दिला. कचरा, सांगाडे, सगळं तो गप्प बसून बघत होता. मग गॉडझिलाने शेपूट वर घेतली, आग खाली सोडली आणि उलटा उडायला लागला.

"दादा," तो सोफ्यावरून उठलाच, "रिवाइंड कर, रिवाइंड कर!"