दीड मिनिटाचे काम

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे लाँचने जाताना घारापुरीच्या पलीकडे ट्रॉम्बेचा किनारा लागतो. याच किनाऱ्यावर 10 जुलै 1960 रोजी ‘सायरस’ ही अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. कॅनडाच्या चॉक रिव्हर येथील ‘एनआरएक्स’ ही तिची थोरली बहीण. किरणोत्सर्गाने माखलेली जागा साफ करण्यापूर्वी त्या कामाची रंगीत तालीम करायची, या पद्धतीचा माग काढत गेलो, तर आपण त्या थोरलीच्याच दारी पोहोचतो.

12 डिसेंबर 1952 रोजी नियंत्रक दांड्यांतील बिघाड आणि माणसांच्या चुका एकत्र आल्या, एनआरएक्सचे इंधन वितळले आणि लाखो लिटर दूषित पाणी तळघरात साचले. सफाईला कॅनडाचे सैनिक आले, अमेरिकी नौदलाच्या तुकड्याही आल्या. त्यांतल्या एका तुकडीचा अधिकारी होता 28 वर्षांचा जिमी कार्टर, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. तिथल्या टेनिस कोर्टावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. कोणता बोल्ट कोणी आणि कोणत्या पान्याने काढायचा, हे तिच्यावर पुन्हा पुन्हा गिरवायचे आणि मगच खाली उतरायचे. आत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दीड मिनिट येई. तेवढ्यात किरणोत्साराची वर्षभराची अनुज्ञेय मात्रा संपे. कामाचा हिशेब दिवसांत न मांडता माणसाच्या अंगावर पडणाऱ्या किरणांत मांडायचा, ही रीत इथे पक्की झाली. 14 महिन्यांत भट्टी पुन्हा चालू झाली. तालमीत गेलेला वेळ वाया गेला नव्हता.

तरीही या रीतीत एक उणीव होती. माणसे वाढवली की एकेकाच्या वाट्याची मात्रा घटते, सर्वांची मिळून होणारी बेरीज मात्र तशीच राहते. आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगाने 1977 मध्ये ती बेरीजही वाजवी प्रयत्नांनी होईल तितकी कमी करावी, असे तत्त्व ठळकपणे मांडले. दोनच वर्षांनी अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुकेंद्राची दुर्घटना घडली आणि तिथे हे तत्त्व कसाला लागले. जुलै 1982 मध्ये तिथल्या भट्टीच्या गाभ्यात कॅमेरा सोडला, तेव्हा वरचा मोठा भाग कोसळून पोकळी झाल्याचे दिसले. इंधन काढायला प्रत्यक्ष सुरुवात 1985 मध्ये झाली आणि ते काम 1990 पर्यंत चालले. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर तेवढी सवड दिली गेली नाही. तिथली पहिली भट्टी 1 ऑक्टोबर 1986 रोजी पुन्हा सुरू झाली. त्याआधीच्या दिवसांत यंत्रमानव बंद पडल्यावर हजारो सैनिकांनी छपरावरचे ग्राफाइट फावड्यांनी खाली लोटले, प्रत्येकाने काही मिनिटे. तारीख गाठली, पण तिची किंमत त्या जवानांच्या शरीरांनी मोजली, आणि हे मला अक्षम्य वाटते.

आता आपण खाडीकाठी परतू. ट्रॉम्बेचा प्लुटोनियम प्रकल्प 1964 मध्ये सुरू झाला. सुमारे दशकभराने तो विस्तारासाठी थांबवला गेला आणि किरणोत्सर्गाने माखलेला प्रकल्प निर्मळ करण्याचा धडा आपल्या देशात तिथे गिरवला गेला. 15 नोव्हेंबर 1983 रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, 1987 मध्ये किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम आले. आज कामगाराला एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. नियम असे असले तरी मुदत तोंडावर आली की वेळापत्रकातून पहिली कात्री तालमीला लागते, कारण तिथे काम ‘झालेले’ दिसत नाही. माझ्या मते कात्री लावायचीच असेल तर ती कामाच्या व्याप्तीला लावावी: एक खोली पुढच्या टप्प्यावर ढकलावी, अल्पायुषी किरणोत्सार आपोआप ओसरू द्यावा. सायरस 31 डिसेंबर 2010 रोजी कायमची बंद झाली. ती मोडण्याच्या कामात घाई करण्याचे कारण नाही, आणि त्या कामावर जाणाऱ्या तरुणांना आत शिरण्याआधी सरावाला हवे तितके दिवस मिळायलाच हवेत.