हुंडी, चेक आणि आण्णांनी सोडलेली जागा

बरेच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं पुतण्याच्या फोनचं. "काका, दुकानात चेक छापायचा प्रिंटर बसवायचाय. हातानं लिहून बोटं दुखतात. तुम्ही एकदा येऊन जा."

आमचं दुकान म्हणजे धर्माबादच्या मोंढ्यातली आडत. धर्माबाद मिरचीचं गाव. सीझनमध्ये मोंढ्यात शिरलं की आधी ठसका लागतो, मग नमस्कार-चमत्कार. पुतण्याला हो म्हणालो खरा, पण चेक म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. ती सांगतोच. आधी थोडं मागे जाऊ.

आमच्या आजोबांच्या काळात हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दुकानाच्या जुन्या वह्यांत रकमेपुढे 'हाली' नाहीतर 'कलदार' लिहिलेलं असे. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हालीचे सहा कलदार. संस्थानाची स्वतःची हैदराबाद स्टेट बँक निघाली ती १९४१ साली. (तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.) पण व्यापाऱ्याचा खरा भरवसा हुंडीवर. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुद्दती.

हुंडी छापायला ना प्रेस लागे ना प्रिंटर. तिची सुरक्षितता शब्दांत होती. रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभर लिहायचे, मग त्याची निमपट पन्नास, आणि त्या पन्नासाची दुप्पट पूर्ण शंभर, असं फिरवून फिरवून लिहायचं. एका ठिकाणी खाडाखोड केली तर बाकीच्या ठिकाणी पकडला जाणार! हुंडी हरवली तर 'पैठ' म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर 'परपैठ'. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानेसुद्धा देशी भाषेतल्या हुंड्यांचे रिवाज तसेच राहू दिले. चेकला मात्र त्याच कायद्याची चौकट मिळाली. चेकवर रक्कम दोनदाच, एकदा अक्षरी आणि एकदा आकडी.

आता आमच्या घरची गोष्ट. साल १९८४. आण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) एक बेअरर चेक लिहिला. आकडा १०००, आणि अक्षरी नुसतं 'हजार रुपये फक्त'. बँकेतून वटला तो ९००० चा. 'हजार'च्या आधी कुणीतरी 'नऊ' घातलं होतं आणि १ ला एक वेलांटी जोडून ९ केला होता. आठ हजार गेले. त्या काळात आठ हजार म्हणजे चेष्टा नव्हती. चेक तीन-चार हातांतून गेलेला, त्यामुळे कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण चेकबुक असायचं मुनीमजींच्या गल्ल्यात. आण्णा त्यांना एका शब्दानेही काही बोलले नाहीत. फक्त गल्ल्याची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधायला लागले. दोन महिन्यांनी मुनीमजींनी आपणहून दुकान सोडलं. बावीस वर्षं होते ते आमच्याकडे. घरात आजही ही गोष्ट 'मुनीमजींचे आठ हजार' म्हणूनच सांगतात.

प्रिंटरच्या निमित्ताने वाचायला बसलो तेव्हा त्याच कायद्याचं कलम ८९ समोर आलं. चेकमधला फेरफार दिसण्यासारखा नसेल आणि बँकेने रीतीप्रमाणे पैसे दिले असतील, तर बँक जबाबदारीतून सुटते. म्हणजे नुकसान चेक लिहिणाऱ्याचं. लंडनचा एक खटला तर जणू आमचाच. मॅकमिलन अँड आर्थर नावाची पेढी. कारकुनाने दोन पौंडांचा चेक पुढे केला, भागीदाराने घाईत सही केली. आकड्याच्या आजूबाजूला जागा मोकळी, अक्षरी रक्कम कोरी. कारकुनाने तिथे एकशे वीस पौंड करून घेतले. १९१८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की जागा मोकळी ठेवणं हा पेढीचाच निष्काळजीपणा, नुकसान पेढीने सोसावं.

वाचून बराच वेळ गप्प बसलो. 'हजार'च्या आधीची जागा मुनीमजींनी सोडली नव्हती. आण्णांनी सोडली होती.

असो. शेवटी धर्माबादला गेलो. पुतण्याला वाटत होतं की कोऱ्या कागदावर अख्खा चेकच छापायचा. अमेरिकेत कंपन्या तसं करतात, चुंबकीय टोनर वापरून. आपल्याकडे ते नाही. इथे चेकचा कोरा कागद बँकेकडूनच येतो आणि तो सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला असतो. चेकच्या तळाशी जे विचित्र आकडे असतात ते चुंबकीय शाईचे. त्या अक्षरांचं नाव ई-१३बी, दहा आकडे आणि चार खुणा, १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली. आपल्याकडे मुंबईत १९८६ पासून यंत्राने असे चेक वाचायला लागले. त्यातल्या नऊ आकड्यांत पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. पुढे रिझर्व्ह बँकेने २०१० साली 'सीटीएस-२०१०' हा नमुना ठरवला. कागदात वॉटरमार्क, अतिनील दिव्याखाली दिसणारं बँकेचं चिन्ह, आणि झेरॉक्स काढली की उमटणारा 'व्हॉइड' शब्द.

म्हणजे आपल्याला छापायचं ते फक्त नाव, तारीख आणि रक्कम. मी पुतण्याला डॉट मॅट्रिक्सच घे म्हटलं. त्याच्या सुया रिबनमधून कागदावर आपटतात, शाई कागदात मुरते. लेझरची पूड वरवर बसते, खरवडता येते. इंकजेटची शाई पाण्याने फुटू शकते. आधी चेकच्या मापाच्या, २०२ बाय ९२ मिलिमीटरच्या साध्या कागदावर छापून तो चेकवर ठेवून उजेडात धरला. चार-पाच खेपांनंतर तारखेचे आठ आकडे आठ चौकटींत बसले. तळाच्या चुंबकीय पट्टीवर काही उमटू द्यायचं नाही. रकमेच्या आधी आणि नंतर चांदण्या, म्हणजे 'नऊ' घुसवायला जागाच नाही.

मग नियम ठरवले. चेकबुक कपाटात, किल्ली एकाकडे, कॉम्प्युटरचा पासवर्ड दुसऱ्याकडे, सही तिसऱ्याची. कोऱ्या चेकवर आधी सही करून ठेवायची नाही, सुनेनेसुद्धा नाही, मुलानेसुद्धा नाही. बिघडलेला चेक फाडून टाकायचा नाही, 'रद्द' लिहून फाईलला लावायचा. पन्नास हजारांच्या वरचा चेक दिला की त्याची माहिती बँकेला आधीच कळवायची. ही पॉझिटिव्ह पेची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. आणि जुनं मशीन परस्पर भंगारात द्यायचं नाही. बनावट मुद्रांक प्रकरणात नाशिकच्या प्रेसची मोडीत काढलेली यंत्रं तेलगीच्या हाती लागल्याचं तपासात पुढे आलं होतं, हे आपण विसरता कामा नये.

पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे तुमचा घरच्यांवर विश्वास नाही."

मी म्हणालो, "उलट. किल्ली तिघांत वाटली की उद्या काही झालं तर एकट्यावर बोट जाणार नाही."

मुनीमजी कधीच वारले. त्यांचा मुलगा नांदेडला असतो. येताना त्याच्याकडे जाऊन आलो, कलम ८९ आणि सोडलेली जागा, सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. चहा मात्र दोनदा केला.

आडतीच्या प्रत्येक पट्टीवर खाली छापलेलं असतं, चु. भू. दे. घे. सीटीएसच्या चेकवर ती सोय नाही, तारखेखेरीज कशातच दुरुस्ती चालत नाही. ब्लॉगवर चालते. घरच्यांनी एवढी एक करून घ्यावी. ते आठ हजार मुनीमजींचे नव्हते.